येसूने धरलेला दोर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीवर पूल येईल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला खुळ्यात काढलं असतं. आंबेखोल गावात येसू नावाची बाई काथ्याचे दोर वळायची. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची, कुजली की बडवायची आणि निघालेल्या काथ्याला पीळ द्यायची. तिच्या दोराला हत्ती बांधला तरी तो तुटणार नाही, असं म्हणतात. आंबेखोलात हत्ती कधी आला होता, ते मात्र विचारू नका.

या काठापासून त्या काठापर्यंत तिचाच दोर ताणलेला असे. तिचा नवरा सोमा त्या दोराला धरून होडी पलीकडे ओढत नेई. एका श्रावणात खाडीला लोंढा आला आणि भर दुपारी दोर तुटला. होडीत सोमासकट सात माणसं होती. एकही परत आलं नाही. येसू काठावरच उभी होती. तिने सगळं पाहिलं.

त्या दिवसापासून येसूला काही उमगेना. चुलीवर रिकामं मडकं ठेवून ती भात शिजायची वाट बघे. आता सकाळ की संध्याकाळ, हे शेजारणीला विचारी. आणि भेटेल त्याला तिचा एकच सवाल असे, "माझो वळ चुकलो, काय पाण्यान तोडल्यान?" कुणी म्हणे देवाची करणी, कुणी म्हणे तुझा काय दोष, एकदोघं तोंड फिरवून जात. तिला सगळंच खरं वाटे आणि काहीच पटत नसे. तुटलेल्या टोकाचा पीळ उलगडून ती एकेक तंतू उन्हात धरून बघत बसे.

मग गावाने शहाणपणा केला. दोर दिसला की बिचारीला आठवतं, म्हणून तिच्या घरातला काथ्या उचलून नेला. चिखलात पुरलेली सोडणंसुद्धा उपसून फेकली. माया होती हो, पण कसली ती माया! हात रिकामे पडले आणि येसू आणखीच बिथरली. ती पदराच्या दशा वळू लागली, गवत वळू लागली, शेजारच्या शेळीची शेपटीही तिने वळली, असं म्हणतात. दोर नाही, म्हणून होडीही बंद पडली.

वर्षाने पलीकडच्या काठावरून सगुणा आली. तिची थोरली लेक त्या होडीत बुडाली होती. आता ही येसूला शिव्याशाप देणार, म्हणून अख्खं गाव येसूच्या अंगणात गोळा झालं. सगुणा पायरीवर टेकली, तांब्याभर पाणी प्याली.

"दोर कसो तुटलो ता माका सांगू नको," ती म्हणाली. "माझा दुसरा चेडू ह्या गावात सून म्हणान दिलेला आसा. तेका बघूक दोन दीस वळसो घालून चलत इलंय. तू दोर वळ."

"परत तुटलो तर?"

"मगे हात लावन बस. तुटाक लागलो तर पयला तुकाच कळतला."

हे काही येसूच्या सवालाचं उत्तर नव्हतं. पण वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे काही मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने सोडणं पुरली.

नवा दोर ताणला गेला. होडी सुटली की येसू त्यावर तळहात ठेवून बसे. पलीकडे पोचलेल्याने "पोचलंय गे येसू!" असं ओरडायचं, मगच ती हात काढी. हळूहळू तिला दोरातून सगळं कळू लागलं, असं म्हणतात. होडीत कोण आहे, कोण रडतंय, कुणाच्या पोटात पोर आहे. एकदा भर प्रवाहात दोराचा पेड सुटू लागला, तो तिने नुसत्या हाताने ओळखला आणि होडी मागे बोलावली. नऊ माणसं वाचली. तरीही मधूनच ती विचारी, "माझो वळ चुकलो काय गे?" गोंधळ गेला नाही. पण आता ती रोज भात शिजवून जेवत होती.

म्हातारपणी एका दुपारी, खाडीत एकही होडी नसताना, तिचा हात दोरावरून निघेना. सगुणाच्या लेकीने विनवण्या केल्या. "अजून कोणतरी पाण्यात आसा," येसू म्हणाली. उन्हं कलली, तेव्हा पलीकडून एकदम सात गळ्यांची हाक आली, "पोचलंव गे येसू!" ती खरंच कुणाकुणाला ऐकू आली, यावरून आंबेखोलात आजही भांडणं होतात. येसूने मात्र हात काढून मांडीवर ठेवला आणि बसल्या बसल्याच डोळे मिटले.

आता खाडीवर पूल आहे. कठड्याला काथ्याचा दोर बांधलेला असतो. गावातून कुणी शिकायला, नोकरीला, सासरी निघालं की घरातलं एक माणूस त्यावर हात ठेवून उभं राहतं. जाणारा कितीही मोठा साहेब असो, पलीकडे त्याने गाडीतून उतरून येसूला हाक द्यायची. दोर दरवर्षी नवा लागतो. तो वळायला त्या वर्षी ज्याच्या घरावर घाला पडला, त्यालाच बोलावतात. विसर, असं त्याला कुणी म्हणत नाही. काथ्या त्याच्यापुढे ठेवतात आणि शेजारी बसतात.