कानबाईचा निरोप

झिपाबाईच्या गाणाऱ्या बायकांनी अहिराणीत साद घालून कानबाई देवीला जहागीरदारांच्या ओसरीवर बोलावलं, तोच जहागीरदार कडाडले, "बंद करा ही गावंढळ बोली! यापुढे शुद्ध भाषेत गा, नाहीतर एकेकीला चाबकानं फोडून काढीन!"

डफ थांबला. झिपाबाईनं चौरंगावरच्या कानबाईकडे बघत हात जोडले.

"जशी आज्ञा, सरकार. पण माय आमच्या बोलीत आली, आणि शुद्ध भाषेत तिला निरोप कसा द्यायचा हे आमच्या सात पिढ्यांना ठाऊक नाही. निरोपाशिवाय ती हलत नाही, आणि अडवलेली माय घरधन्यावरच कोपते. तेव्हा तिला जायला तुम्हीच सांगा."

जहागीरदारांनी चौरंगाकडे पाहिलं. हातातला चाबूक त्यांनी खाली ठेवला.

"गा," ते पुटपुटले, "तिच्याच बोलीत गा."