शेळीचीही एक बाजू असते

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावून ठेवलं आहे. म्हणून गावाचं नाव घेत नाही आणि माणसाचंही बदलते.

तर एका गावात एक भोळा पदवीधर राहत होता. त्याला आपण वामन म्हणू. वामनला पुढे शिकायला परदेशी जायचं होतं. त्यासाठी प्रवेशपरीक्षा होती. गणितात तो पक्का. घोडं अडलं होतं निबंधापाशी. परीक्षेत कुणाचं तरी म्हणणं देतात आणि अर्ध्या तासात ते तपासून त्यावर निबंध लिहायचा असतो. वामनला तर जो जे सांगेल ते पटायचं. इकडे वडिलांनी 'पोरगा परदेशी निघाला' म्हणून गावभर सांगून टाकलेलं. निबंध बिघडला तर त्यांना पारावर तोंड दाखवायची सोय नव्हती.

म्हणून वामन रोज केळुसकर सरांकडे सरावाला जाऊ लागला.

पहिला निबंध वाचून सर म्हणाले, "यात तुझं मत कुठाय? पहिल्याच वाक्यात मत ठोकून द्यायचं. मग कारणं."

"ध्यानात ठेवीन, सर."

दुसऱ्या दिवशी मावशीकडे नातवाचं बारसं होतं. मावशीनं कौतुकानं बाळ त्याच्या मांडीवर दिलं.

"बाळ माकडासारखं आहे," वामन म्हणाला. "कारणं सांगतो. पहिलं, कान."

घुगऱ्या न खाताच त्याला घरी यावं लागलं.

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, असं एकदम मत देतात का? आधी दुसरी बाजू बघावी. तिचं काय म्हणणं असेल, त्याचा विचार करावा."

"ध्यानात ठेवीन, सर."

सकाळी आई दळण आणायला गेली. जाताना म्हणाली, "मेथीच्या वाफ्याकडे बघ रे." थोड्या वेळानं गोदाकाकूंची शेळी आत शिरली. वामन काठी घेऊन धावला. मग थांबला. शेळीची बाजू काय असेल? तो तिथंच बसून विचार करू लागला. तिला भूक होती. शिवाय कुंपण मोडकं होतं. आई आली तेव्हा वामनला शेळीचं म्हणणं पूर्ण पटलं होतं आणि मेथी संपली होती.

"शेळीचं कसलं ऐकून घेतोस?" सर म्हणाले. "वाफा तिचा आहे याला पुरावा काय? समोरचा काहीही म्हणो, आधी पुरावा मागायचा."

"ध्यानात ठेवीन, सर."

त्याच आठवड्यात गावातले आबा सावंत वारले. वडिलांबरोबर वामनही भेटायला गेला. आबांचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "आमचे आबा म्हणजे देवमाणूस होते हो."

"याला पुरावा काय?" वामननं विचारलं.

रडणारे रडायचे थांबले. वडिलांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

सरांचा आवाज आता बारीक झाला होता. "वामन, परीक्षा उद्यावर आली. नीट ऐक. अशा दुःखाच्या वेळी काही विचारायचं नसतं. 'फार वाईट झालं' म्हणायचं आणि मान खाली घालून गप्प बसायचं."

"ध्यानात ठेवीन, सर."

परीक्षेत प्रश्न आला. एका शहरातलं जुनं वाचनालय बंद पडलं. लोक मोबाइलवर वाचतात म्हणून ते बंद पडलं, असं नगराध्यक्ष म्हणतात. हे म्हणणं तपासा.

वामनला सगळं आठवलं. मत, दुसरी बाजू, पुरावा. पण ते सगळं एकेकदा अंगाशी आलं होतं. एवढा शेवटचा धडाच काय तो कोरा होता. त्यानं प्रश्न पुन्हा वाचला. जुनं वाचनालय. बंद पडलं. त्याचे डोळे भरून आले.

त्यानं लिहिलं, 'फार वाईट झालं.' आणि उरलेला वेळ मान खाली घालून गप्प बसला.

बाहेर वडील पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. शेजारी सर. वामननं सगळं सांगितलं. सर पायरीवर खाली बसले. वामनही त्यांच्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "फार वाईट झालं."

आता पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा आहे. या खेपेला सरांनी त्याला एकच गोष्ट शिकवली आहे, ती म्हणजे...

"मुक्ते, इकडे ये. माझी गोष्ट कुणाला सांगत नाहीयेस ना?"

"नाही, दादा."

"याला पुरावा काय?"