शिदूमामाचा बफर आणि मोराचा पाय

एका गावात एक मामा राहत होता. मामा काय, गावोगाव असतात हो. पण सगळं गावच ज्याला मामा म्हणायचं असा हा एकटा, शिदूमामा. खरा मामा तो एकीचाच होता, बहिणीच्या मुलीचा, हर्षदाचा.

शिदूमामाकडे एक जुनी जीप होती. ती त्यानं नुकतीच मोरपंखी रंगात रंगवून घेतली होती. वर हौस म्हणून आतल्या बाजूला, मागच्या चाकावरच्या पत्र्यावर, पिसारा फुलवलेला एक मोर काढून घेतला होता. झालं! मामाचे पाय जमिनीला टेकेनात. जीपला कुणी नुसतं टेकून उभं राहिलं तरी हा चार घरं पलीकडून ओरडायचा, "ए, ओरखडा पडंल!" पोरं जीपजवळून जाताना हात खिशात घालून जाऊ लागली.

अशात हर्षदाचं लग्न ठरलं. पोरीनं हट्टच धरला, "माझी वरात निघेल ती मामाच्या जीपमधूनच." मामाला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं तिच्यासाठी स्वतः एक गाणं रचलं, स्वतःच गायलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि ते दणक्यात वाजावं म्हणून जीपमध्ये वूफर बसवून घेतला. वूफर म्हणजे ढोलासारखा खर्जातला आवाज घुमवणारा मोठा स्पीकर. गावात त्याला सगळे 'बफर'च म्हणायचे.

बफर बसवला इलाहीनं. एसटी स्टँडच्या मागं त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. तो वायरी जोडत होता आणि मामा त्याच्या डोक्यावर उभा. "इलाही, भोक पाडायचं नाही. खरवडायचं नाही. आणि मोराला तर बोटसुद्धा लावायचं नाही!" इलाहीनं एकदा तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मामा म्हणेल तसं काम उरकून टाकलं.

मामानं घरी येऊन मोठ्या थाटात बटण दाबलं. गाण्याच्या आधी आला तो एक लांबलचक आवाज, "घूंऽऽऽ". एक्सिलेटर दाबला की घूं चढायचा, पाय काढला की उतरायचा. मामाचं गाणं बिचारं त्याच्याखाली गुदमरून गेलं.

आणि नेमके तेव्हाच हर्षदाचे होणारे सासरे दारात आले. त्यांनी कानावर हात ठेवले. "शिदूमामा, हे काय? वरातीत गाणं वाजायचंय का चक्की चालायचीय? लग्नापर्यंत हे थांबलं तर ठीक. नाहीतर आमची सजवलेली गाडी तयार आहे, पोरगी तिच्यात बसेल." मामाचं तोंड एवढंसं झालं.

तो तडक इलाहीकडे गेला. इलाही एका टेंपोखाली आडवा होता. त्यानं तिथूनच कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "अर्थ लागंना झालाय, मामा."

मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. रात्ररात्र जागून रचलेलं गाणं, आणि हा म्हणतो अर्थ लागत नाही! त्यानं तिथल्या तिथं जीप माघारी वळवली.

पण घरी आल्यावर त्याच्या मनात शंका शिरली. गाण्यात 'चंद्रवदना' होतं, 'कमलाक्षी' होतं, 'रथावरी आरूढ'ही होतं. असेल बाबा अवघड! मामानं ते सगळं खोडलं आणि सोप्या शब्दांत नवं गाणं बांधलं. गाणं नवं झालं, घूं जुनाच राहिला. मग त्यानं बफरखाली गोधडी घातली, गाण्याच्या मशीनची वायर बदलली, आरशाला लिंबू-मिरची टांगली. घूं ढिम्म हलेना. शेवटी तो पुन्हा इलाहीच्या दुकानात जाऊन थडकला.

"आता ऐक!"

इलाहीनं ऐकलं. "नाही मामा. अजून अर्थ लागंना."

"अरे, 'लेक निघाली लाडाची, गाडी मामाच्या घरची'! यात न कळण्यासारखं काय आहे? शेंबडं पोरसुद्धा अर्थ सांगेल!" मामा कडाडला आणि धूळ उडवत निघून गेला. "मामा, ऐका तरी!" म्हणत इलाही हातातल्या पान्यासकट मागं धावला, पण जीप केव्हाच वळणापार गेली होती.

हळदीच्या आदल्या दिवशी हर्षदा मामाकडे आली, तर मामा उंबऱ्यावर गालाला हात लावून बसलेला. "पोरी, तू आपली त्यांच्याच गाडीनं जा. तुझ्या मामाला ना गाडी जमली, ना गाणं. इलाही म्हणतो, अर्थच लागत नाही."

हर्षदानं विचारलं, "असं म्हणाला?"

"दोनदा म्हणाला."

हर्षदा जी हसायला लागली ती पोट धरून खालीच बसली. "अगं बाई! मामा, गाण्याचा अर्थ नव्हे रे! अर्थ म्हणजे अर्थिंग! आमच्या मिक्सरचा शॉक बसायचा तेव्हा वायरमननं हेच सांगितलं होतं. अर्थिंगची वायर पत्र्याला नीट लागली नसेल!"

मामानं कपाळावर हात मारला. मग दोघं जीप घेऊन इलाहीकडे गेले.

"मी दुसरं काय सांगत होतो मामा?" इलाही म्हणाला. "तुम्ही खरवडू दिलं नाही, म्हणून वायर रंगावरच आवळली. रंगातून वीज जाते होय? ती उघड्या पत्र्याला भिडायला पाहिजे. चूक माझीपण आहे. तुम्ही ओरडाल म्हणून तेव्हाच बोललो नाही."

"मग आता खरवड कुठंतरी खाली."

"खालचा पत्रा गंजून चाळण झालाय. भक्कम पत्रा एकच, मागच्या चाकावरचा. त्यातही वायर पोचते ती जागा म्हणजे…" इलाहीनं भीत भीत बोट दाखवलं. "मोराचा पाय. बंद्या रुपयाएवढा रंग काढावा लागंल."

मामा मोराकडे बघे, हर्षदाकडे बघे, पुन्हा मोराकडे बघे. "अरे, माझा मोर लंगडा होईल की रे!"

"मामा, मोराला स्वतःचे पाय कुठं आवडतात? पायांकडे बघून रडतो म्हणतात तो. सुटेल बिचारा," हर्षदा म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मला मोर बघत जायचं नाही रे. तुझं गाणं ऐकत जायचंय."

मामानं हात पुढं केला. "इलाही, आण तो काचपेपर. हट्ट माझा होता, मीच खरवडतो."

आणि त्यानं खरवडलं. आधी अगदी हलक्या हातानं, मग चांगला जोर लावून. मोरपंखी रंगाखालून पांढरा लख्ख पत्रा वर आला. इलाहीनं त्यावर वायर बसवून बोल्ट कचकून आवळला. मामानं डोळे मिटून बटण दाबलं, एक्सिलेटरवर पाय दिला. घूं नाही, काही नाही. नुसतं गाणं! इलाहीनं शिट्टी मारली आणि मामानं त्याला कडकडून मिठी मारली.

वरात मामाच्याच जीपमधून निघाली. बफर असा घुमला की गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्याही ओट्यावर आल्या. एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. आणि म्हणूनच दुसऱ्या कडव्याला सगळ्यांना हेही स्वच्छ ऐकू आलं, की मामाचा सूर पार घसरलाय!

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मामा, बेसूर झालंय की ओ!"

सगळे चपापले. लग्नाच्या दिवशी आता मामा भांडण काढणार, असंच वाटलं लोकांना. मामानं क्षणभर कान देऊन ऐकलं आणि तोच सगळ्यांत मोठ्यानं हसला. "झालंय खरं! चांगलं दोन बोटं खाली घसरलंय!"

हर्षदाच्या डोळ्यांतून हसता हसता घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मामा," ती म्हणाली, "तेच कडवं परत लाव." मामानं लावलं. मग अख्खी वरात त्याच घसरलेल्या सुरात गाऊ लागली, आणि सासरेबुवा फेटा सावरत सगळ्यांच्या पुढं नाचू लागले.

तात्पर्य: ज्याला एक ओरखडाही सोसत नाही, त्याला आपली चूक कोणी सांगत नाही आणि सांगितली तरी ती त्याला कळत नाही. वरचा रंग थोडा खरवडू द्यावा. त्यानं माणूस उणा होत नाही, मोकळा होतो.