वटवाघळाचं पान

वडाला अजून पारंब्याही फुटल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. त्या वडावर साळुंकीबाई शाळा घ्यायच्या. त्यांच्या चित्रांच्या पुस्तकात सगळे पक्षी फांदीवर ताठ बसलेले. म्हणून उलट्या लटकणाऱ्या वटवाघळाच्या पिल्लावर बाकीची पिल्लं डाफरायची, "नीट बस की!" शेवटी त्यानं शाळाच सोडली.

बाईंना चैन पडेना. त्यांनी पुस्तकात लटकलेल्या वटवाघळाचं एक पान वाढवलं आणि स्वतः जाऊन त्या पिल्लाला परत घेऊन आल्या.

"बाई, हे चित्र उलटं काढलंय!" चिमणीचं पिल्लू ओरडलं.

"उलटं नाही बाळा, वटवाघळं अशीच बसतात."

चिमणीचं पिल्लू विचारात पडलं. "मग याला आपली सगळी चित्रं आजवर उलटीच दिसली असतील?"

हे बाईंच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी पुस्तक उलटं धरलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.