राखून ठेवलेली पाठ

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा गाढवे बोलत असत आणि माणसे त्यांचे ऐकत असत. गाढवांचे बोलणे पुढे बंद पडले. ते का, हेच सांगायचे आहे. माणसांचे ऐकणे मात्र अजून चालूच आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावात ख्रिस्ती लोकांचे एक लहानसे प्रार्थनामंदिर होते. गावचा कुंभार दर रविवारी आत उपासनेला बसे आणि त्याचे गाढव बाहेर खिडकीखाली बांधलेले असे.

एकदा झावळ्यांच्या रविवारी गाढवाने आतले वाचन कान टवकारून ऐकले. प्रभू नगरात आला तो घोड्यावरून नाही, गाढवावरून आला! लोकांनी त्याच्या वाटेवर झावळ्या अंथरल्या. गाढवाने मान वळवून आपल्या पाठीकडे पाहिले. करड्या पाठीवर मधोमध एक काळा पट्टा होता आणि खांद्यांवरून दुसरा आडवा गेला होता. क्रूसच तो!

झाले, त्याच्या डोक्यात वारे शिरले.

दुसऱ्या दिवशी कुंभाराने मातीच्या गोण्या आणल्या, तर ते उखडलेच.

"माती? या पाठीवर? आमच्या पूर्वजाच्या पाठीवर राजांचा राजा बसला होता! तो परत आला, तर त्याला मळक्या पाठीवर बसवू काय?"

"अरे बाबा, पण भट्टी लावायचीय मला," कुंभार म्हणाला.

"तुझी भट्टी मोठी की प्रभू मोठा?"

देवाचे नाव निघाले की कुंभार बिचारा लगेच माघार घ्यायचा. त्याने गोण्या स्वतःच्या डोक्यावर घेतल्या.

एका लंगड्या म्हाताऱ्याने बाजारापर्यंत सोड म्हणून विनवले, तर त्याला गाढवाची लाथ मिळाली. आता अशा जनावराला कोणीही वठणीवर आणले असते. पण गावाने काय केले? गावाने त्याचे कौतुक केले! "काय भाविक गाढव आहे हो!" म्हणत बायका त्याला भिजवलेले हरभरे घालू लागल्या. पाळकांनी उपदेशात त्याचा दाखला दिला. मला गाढवाचा जेवढा राग येतो, त्याहून या हरभऱ्यांचा जास्त येतो.

गावची म्हातारी सुईण तेवढी कौतुकात सामील झाली नाही. ती म्हणाली, "काम टाळायला देवाचं नाव फार सोयीचं पडतं."

असे वर्ष गेले. पुन्हा झावळ्यांचा रविवार आला. त्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, डोंगरापलीकडच्या वाडीवरून एक माणूस धावत आला. त्याच्या पायांत वहाणासुद्धा नव्हत्या.

"आजी, चला! माझी बायको अडलीय. कालपासून कळा देतेय. मूल काही सुटत नाही."

सुइणीने पिशवी उचलली. पण तिचे गुडघे कधीच कामातून गेले होते. खिंड चढणे तिला जमणारे नव्हते. ती तडक कुंभाराच्या अंगणात गेली.

"चल रे. पलीकडे बाई अडलीय."

"आज?" गाढव म्हणाले. "उद्या झावळ्यांचा रविवार. उद्या तो नक्की येणार. आत्ताच आंघोळ घातलीय मला."

"परत आल्यावर मी स्वतः घालीन तुला आंघोळ."

"आणि खिंडीत घसरलो, पाय मोडला, तर? प्रभूला काय सांगू? तुझ्या सुइणपणाची कथा?"

मग सुईण खाली बसली. सत्तरीची बाई, अर्ध्या गावाला या जगात आणणारी. तिने गाढवाचे पुढचे दोन्ही पाय धरले.

"हात जोडते. दोन जीव आहेत रे."

गाढवाने पाय झटकले आणि तोंड फिरवले.

सुईण चालत निघाली. अर्ध्या चढावर तिचा पाय मुरगळला, तेव्हा त्या माणसाने तिला आपल्या पाठीवर घेतले आणि धापा टाकत, थांबत थांबत खिंड ओलांडली. पाठ त्याने दिली. पण दोन पायांची चाल ती किती असणार? त्यांना पोहोचायला उशीर झाला. आई वाचली. बाळ वाचले नाही. ओढ्याकाठी बापानेच खड्डा खणला.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. लोक झावळ्या हलवत, गात प्रार्थनामंदिरात गेले. गाढव दारात उभे होते. अंगावर मातीचा एक कण नव्हता. सकाळ गेली, आत उपासना संपत आली. पडलेल्या झावळ्या झाडून झाल्या. त्याच्या पाठीवर माशीखेरीज कोणी बसले नाही.

तेव्हा त्याचा संताप अनावर झाला. ते सरळ आत घुसले.

"ही फसवणूक आहे! वर्षभर पाठ राखली मी! पावसात भिजू दिली नाही, ओझ्याला लावू दिली नाही. कुठे आहे तुमचा प्रभू? का आला नाही?"

पाळकांनी पुस्तक उघडले आणि मिटले. सगळ्यात मागे सुईण बसली होती. तिचा पाय फडक्याने बांधलेला होता. पहाटे वाडीवरच्या माणसांनी तिला डोलीतून आणून सोडले होते. ती काठी टेकत उठली.

"आला होता," ती म्हणाली. "काल दुपारी."

"काल? काल कोणी आलं नाही. काल फक्त तू आली होतीस."

"पलीकडे बाई अडली होती. तिच्या पोटात लेकरू अडलं होतं. आणि जिथं लेकरू अडतं, तिथं प्रभूही अडून राहतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं लोक चेष्टेनं म्हणतात ना? काल तो खरंच अडला होता. हे बघ, याच हातांनी त्यानं तुझे पाय धरले होते. आणि तू ते झटकलेस."

मग ती गावाकडे वळली. "आणि तुम्ही याला हरभरे घातलेत."

गाढवाने उत्तर द्यायला तोंड उघडले, पण शब्द आला नाही. आले ते नुसते रडल्यासारखे ओरडणे. त्या दिवसापासून गाढवांना तेवढेच येते.

काही दिवसांनी दुसऱ्या वाडीवरून बोलावणे आले. सुइणीने दार उघडले, तर गाढव उंबऱ्यापाशी गुडघे टेकून बसले होते. पाठीवर माती होती. सकाळीच त्याने कुंभाराच्या गोण्या वाहिल्या होत्या.

"बसते," सुईण म्हणाली. "तुझ्यासाठी नाही. तिकडे बाई अडलीय, म्हणून."

त्यानंतर त्या खिंडीपलीकडे अनेक जीव सुखरूप जगात आले. पण ओढ्याकाठच्या त्या लहानशा उंचवट्यापाशी आले, की गाढव दर वेळी थांबे, आणि सुईण त्याला कधी हाकत नसे.

तात्पर्य: प्रभूसाठी म्हणून जो आपली पाठ राखून ठेवतो, त्याच्या दारात प्रभूच अडून उभा राहतो.