बोळकीचा घास

जमिनीवर घराएवढे सरडे हिंडत होते, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रकाठच्या एका उंच कड्यावर दात असलेल्या पाखरांची वस्ती होती. हो, दातच. मुलांनो, दचकू नका. बारीक, टोकदार दात, चोचीत ओळीने बसवलेले. मासा कितीही बुळबुळीत असो, एकदा त्या दातांत आला की सुटत नसे. या दातांचा पाखरांना भारी अभिमान होता.

कड्याच्या माथ्यावरच्या झाडांच्या बिया वाऱ्याने उडून कपारींत साठत. बी चावली की दात तुटतो, म्हणून दर हिवाळ्यात सगळी वस्ती मिळून कडा झाडून काढी आणि बियांचे ढीग समुद्रात लोटून देई. थोरले म्हणून मान मिळालेला एक म्हातारा पक्षी कपारीकपारीत डोकावून पाही. कुणाकडे एक बी जरी राहिली, तरी सगळ्यांसमोर त्याचा उद्धार होई.

अगदी खालच्या फटीत एक वेगळी पक्षीण राहत असे. तिला दात नव्हते, नुसती जाड चोच होती. त्या चोचीने ती बिया फोडून खाई. वस्ती तिला ‘बोळकी’ म्हणे.

“एवढ्या बिया फेकता, त्यापेक्षा माझ्या फटीत लोटा ना,” बोळकी दरवर्षी म्हणे.

“ऐका!” थोरले म्हणत. “कचरा खाणारी आता आपल्याला शहाणपण शिकवणार.” मग सगळा कडा खदखदून हसे.

बोळकीच्या बरोबर वर एक दातवाली पक्षीण राहत असे. तिला एकच पिल्लू होतं. आसपास कुणी नसलं, की ती बोळकीशी छान गप्पा मारी. पिल्लू कसं झोपतं, वारा कुठून लागतो, असलं काहीबाही. पण सगळे हसू लागले की तीही हसे. जरा हळू हसे, एवढंच. ‘आपण एकटीच गप्प राहिलो तर दिसून येईल,’ असं तिला वाटे.

एके दिवशी आभाळ पांढरंफटक झालं. मग असा आवाज झाला, की कडा मुळापासून हादरला. समुद्र मागे गेला आणि भिंतीसारखा परत येऊन बोळकीच्या फटीच्या जरा खाली आदळला. त्यानंतर राख पडू लागली. किती दिवस पडत होती, कुणास ठाऊक. सूर्य दिसेना. मेलेले मासे पाण्यावर तरंगत आले, ते नासून गेले आणि मग समुद्रात काहीच उरलं नाही. किडे संपले. माथ्यावरची झाडं जळून कोळसा झाली.

बोळकीच्या फटीत थोरले कधी डोकावत नसत; तिथे मात्र तिने साठवलेल्या बिया होत्या. एका तरुण पक्ष्याने त्यातली एक मागून घेतली आणि चावली. टचकन त्याचा दात तुटला. दुसऱ्याने बी अख्खी गिळली. ती तशीच अख्खी बाहेर पडली.

वरच्या कपारीतल्या पिल्लाला आता उभंही राहता येईना. बोळकीने खालून हाक मारली, “अगं बाई, पिल्लू आण इकडे. मी बी फोडून आतला गर भरवते. मऊ असतो, चावावा लागत नाही.”

पक्षिणीने पंख उचलले आणि सवयीप्रमाणे आजूबाजूला पाहिलं.

“खबरदार!” थोरले म्हणाले. “बोळकीच्या तोंडचं खाल्लं की दात गळतात. तसलं पिल्लू या कड्यावर बसणार नाही.”

पक्षिणीने पंख मिटले. “आज नको. उद्या बघू,” ती बोळकीला पुटपुटली.

“उद्यापर्यंत थांबशील का, ते त्याला विचार,” बोळकी म्हणाली.

पिल्लाने आईकडे पाहिलं. त्याने चोच उघडली आणि थोड्या वेळाने आपणच मिटून घेतली.

पक्षिणीचा डोळ्याला डोळा लागला नाही. जरा उजाडल्यासारखं झालं, तशी ती उठली. पिल्लू घेऊन निघालो आणि कुणी पाहिलं तर? आधी वाट मोकळी आहे का बघू, मग त्याला नेऊ, असा विचार करून ती एकटीच दबकत दबकत खाली उतरली.

फटीशी पोचली आणि जागच्या जागी थिजली. फटीत थोरले बसले होते. चोच वासून बसले होते आणि बोळकी त्यांना गर भरवत होती.

थोरले गडबडले. मग घास गिळून म्हणाले, “माझं काय गं, वय झालं. माझे दात तसेही गळायचेच. वर कुणाला सांगू नकोस. शिस्त बिघडते.”

“भुकेला आला, भरवलं,” बोळकी म्हणाली. “काल तुझं पिल्लू आणलं असतंस, तर त्यालाही भरवलं असतं. जा, घेऊन ये त्याला. पळ!”

पक्षीण उडाली. मागोमाग चोचीत गर धरून बोळकीही वर आली. आयुष्यात पहिल्यांदाच ती वरच्या कपारीत येत होती. पिल्लू पडलं होतं तसंच पडलेलं होतं. बोळकीने त्याच्या चोचीच्या कडेला हलकेच टोचलं. पुन्हा टोचलं. चोच उघडली नाही.

वस्ती गोळा झाली. थोरलेही आले. पिल्लाकडे पाहून म्हणाले, “गेलं खरं, पण दात शाबूत ठेवून गेलं. कड्याचं नाव राखलं पोरानं.”

बोलताना त्यांच्या दातांत अडकलेलं बीचं फोलपट दिसत होतं. पक्षिणीने ते पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने चोच उघडली, मिटली आणि मान डोलावली.

पुढे ती वस्ती एकेक करून संपली. आज कुठल्याही पाखराची चोच बघा, त्यात दात नाहीत.

तात्पर्य : लोक काय म्हणतील हे ठरवणारे आपल्यापुरती वाट काढून ठेवतात, उपाशी मरतं ते त्यांना भिणाऱ्याचं पिल्लू.