येसूची एक घटका

श्रावणातला बुधवार. दिवस उगवून दोन घटका झालेल्या. ठिकाण आटपाट नगर, कासारआळी, येसूचं घर. ऐका घटिकाबाई, तुमची कहाणी तिथं सुरू झाली.

येसूची आई नदीपल्याड एकटी राहायची. गेल्या थंडीत कुडकुडून म्हातारी अंथरुणाला खिळली. वैद्य म्हणाला, "आणखी एक हिवाळा असा गेला तर राहायची नाही." मग येसूनं जुनी लुगडी काढली, गोधडी मांडली, सुई ओवली. पहिला टाका घातला. सासरे म्हणाले, "सूनबाई, माझी जपमाळ कुठं आहे?" जपमाळ त्यांच्या गळ्यात. दुसरा टाका घातला. दीर म्हणाला, "वहिनी, माझा पंचा?" पंचा त्याच्या खांद्यावर. तिसरा टाका घातला. नवरा म्हणाला, "अगं, पाणी दे." तांब्या त्याच्या मांडीशी. श्रावण गेला, भाद्रपद गेला, गोधडीला तीन टाके.

मग येसू परसात रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. "बाई, बाई, का रडतेस?"

"आजी, दिवस पुरत नाही."

"साठ घटकांचा दिवस सगळ्यांना सारखा. त्यातली तुझी कोणती?"

येसूनं बोटांवर मोजलं: सासऱ्यांच्या, दिराच्या, नवऱ्याच्या; आपली एकही निघेना.

"मग वसा घे. लग्नात भटजी सोडतात तसली, तळाला बारीक भोक असलेली वाटी घ्यावी. घंगाळातल्या पाण्यावर सोडावी. ती भरून बुडेतो एक घटका. तेवढ्यात एकच काम करावं. हाक आली तरी उठू नये. 'घटका बुडू दे' म्हणावं."

येसूनं वसा घेतला. पहिल्या दिवशी तिनं वाटी चिंचेनं घासली, घंगाळाभोवती रांगोळी काढली. घटका बुडाली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर गेरूनं सात कामांच्या सात रेघा ओढल्या, आधी कोणतं, मागून कोणतं. पुसल्या, पुन्हा ओढल्या. घटका बुडाली. तिसऱ्या दिवशी वाटी नकळत बुडेल म्हणून तिच्याकडेच बघत बसली. घटका बुडाली. गोधडीला तेच तीन टाके.

मग म्हातारी दारात उभी. "गोधडी आईला पांघरायची की मला? माझी पूजा पुरे. टाका घाल."

चौथ्या दिवशी सासऱ्यांनी हाक मारली. "घटका बुडू दे, मामंजी." जपमाळ गळ्यात सापडली. दिरानं हाक मारली. "घटका बुडू दे, भाऊजी." पंचा खांद्यावर सापडला. नवरा म्हणाला, "अगं, मी तहानेनं मरतोय."

"घटका बुडू दे. तोवर मरू नका."

मग त्यानं हात लांब केला.

कार्तिकात गोधडी पुरी झाली. येसू नावेत बसली, पल्याड गेली, गोधडी आईच्या अंगावर घातली. आई म्हणाली, "जरा पायावरून काढ गं, उकडतंय." येसू हसली. आईनं तो हिवाळा काढला.

मग आळीतल्या बायकांनी वसा घेतला. पुरुषांनी पंच बसवले. पंचांनी महिनाभर चौकशी केली. तहानेनं मेलेला एकही माणूस आढळला नाही.

घटिकाबाई येसूला पावली, तशी ऐकणारणींना पावो. जिची घटका तिच्या हाती राहो. साठा घटकांची कहाणी एका घटकेत सुफळ झाली. त्या वर्षी आळीत बावीस गोधड्या पुऱ्या झाल्या. त्यांतल्या एकोणीस लग्नाच्या पहिल्या वर्षी मांडलेल्या होत्या. इतकी वर्षं त्या कुणापायी अडल्या, हे पंचांनी अजून सांगितलेलं नाही.